डिक्कीचा उंबरा

जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो, "कशाला?" त्यावर तो माझ्याकडे असा बघतो, जणू लग्न कशाला केलंत असं मी विचारलं. मग सांगतो, की डिक्की मोठी हवी. डिक्कीत काय ठेवणार म्हटलं की निम्मी मंडळी गप्प होतात. उरलेली म्हणतात, "तसं काही नाही, पण असावी." डिक्की आणि आयुर्विमा या दोन गोष्टी आपण नेमक्या कशासाठी घेतोय हे घेताना कोणालाच सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या एका कारखान्यात बावीस वर्षं होतो, तेही लाइनच्या अगदी शेवटी, जिथे तयार गाडीतली खोट काढतात. रोज आठ तास नवीकोरी गाडी बघून "इथे रंग कमी बसलाय" म्हणत राहिलं की माणसाचा स्वभाव जसा होतो, तसा माझा झाला आहे. बायकोला विचारा. निवृत्त झाल्यावर घरात खोट काढायला फारसं काही उरलं नाही, किंवा काढलेली ऐकून घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून मी बाहेर पडलो. आता लोक जुनी गाडी बघायला जाताना मला बरोबर नेतात, मी ती तपासतो आणि घ्या किंवा पळा असं सांगतो.

माझी बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे महाराष्ट्रातून इथे आयटीत किंवा कारखान्यांत आलेली मुलं. तमिळ येत नाही म्हणून इथला विकणारा आपल्याला फसवेल अशी त्यांना भीती असते, आणि हे काका मराठी बोलतात म्हणून फसवणार नाहीत अशी खात्री असते. दोन्ही समजुतींना काडीचा आधार नाही. पण दुसरीवर माझं बरं चाललंय, म्हणून मी ती दूर करायला जात नाही.

तपासणीत जादू काही नसते. विकणाऱ्याने दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जायचं आणि गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं, तर मालकाने आपल्या स्वागतासाठी इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं आहे आणि त्या आतिथ्याला काहीतरी कारण आहे. थंड डिझेल इंजिनच खरं काय ते सांगतं. मग इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण सैल करायचं. झाकण थडथडायला लागलं आणि धूर भकाभका वर आला, तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत. याला इथले मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि मालक म्हणतात, "सगळ्याच डिझेलला असतं, सार." मीटरवरचा आकडा मी वाचत नाही, ब्रेकच्या पेडलचं रबर वाचतो. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर मालक एक तर फार भित्रा आहे, नाहीतर फार हुशार.

चेन्नईत शिवाय पाणी बघावं लागतं. पिण्याचं नव्हे, गाडीने प्यायलेलं. मी राहतो त्या वेलचेरीत एका डिसेंबरात तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. मार्च उजाडेपर्यंत त्यांतल्या कितीतरी 'एकच मालक, डॉक्टरांनी वापरलेली' होऊन बाजारात उभ्या राहिल्या. पाणी लपवायची रीत ठरलेली आहे. चार दिवस उन्हात वाळवायची, गालिचा धुवायचा, आणि मग आत सांब्राणीचा, म्हणजे ऊद घातलेला धूर असा कोंडायचा, की बसणाऱ्याने चपला बाहेर काढाव्यात. म्हणून गाडीला देवळाचा वास आला की मी सीटबेल्ट मुळापर्यंत ओढून काढतो. मालक सगळं धुतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग धुवायचं कोणाला सुचत नाही. गाळाची रेघ तिथे सापडते.

आमच्याच इमारतीतलं पुण्याचं एक जोडपं होतं. दोघांचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर. त्यांना डिझेल एसयूव्हीच हवी होती, सात जणांची आणि मोठ्या डिक्कीची. मी समजावलं, की नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी धरायला एक जाळी असते. हायवेला गाडी तासभर दामटली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. चार किलोमीटर जायचं, चार यायचं आणि उरलेला वेळ सिग्नलला उभं राहायचं, असं केलं तर जाळी तुंबते. ते म्हणाले, आम्ही दिवाळीला पुण्याला जाणार ना. म्हटलं, मग जाळीला तेवढं सांगून ठेवा, की दिवाळीपर्यंत दम धर. नंतर मी मागची ओळ उभी करून त्यांना डिक्की दाखवली. सात माणसं बसली की मागे एका पिशवीपुरती जागा उरते, आणि पिशवीत चकल्या असतील तर त्यांचा चुरा होतो. ओळ पाडली तर डिक्की खरोखर मोठी होते, पण मग सासूसासरे कुठे बसणार? यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडी लगेच पसंत केली. जाळी पहिल्या सहा महिन्यांतच तुंबली. लिफ्टमध्ये भेटले की आम्ही हवापाण्यावर बोलतो.

इथवर सगळी माझी हुशारी झाली. अशा हुशारीचे किस्से मी दोन दिवस सांगू शकतो आणि सांगतोही. पण ज्या गाडीने मला माझा धंदा शिकवला ती मी पसंत केलेली होती आणि तिच्यात तपासणीत सापडेल अशी एकही खोट नव्हती.

चेन्नईच्या पश्चिमेला आवडी नावाचं उपनगर आहे, तिथे गोपाळराव म्हणून एक गृहस्थ राहतात. तिथल्या कारखान्यात अवजड गाड्या चालवून बघायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. त्यांचं मराठी माझ्या मराठीच्या पणजोबांचं. 'मला'ला 'मज', 'झालं'ला 'जालं', आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढलेला. त्यांच्या पत्नी अंबुजाअक्का, वय बासष्ट, उंची पावणेपाच फूट. अक्का श्राद्धाचा स्वयंपाक करतात. चेन्नईत आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लोकांना वाडवडिलांची तिथी करायची असते, भटजी मिळतो, पण सोवळ्यात रांधणारं घरात कोणी नसतं. ते अक्कांना सांगतात. अक्का पहाटे ओल्या नऊवारीत आवडीला सगळं रांधतात आणि साडेदहाच्या आत त्या घरी पोचवतात. उशीर झाला तर पानावर बसणारे थांबून राहतात, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते तर किती थांबलेत देव जाणे. अशी वीस-बावीस घरं त्यांच्याकडे होती. कोणाचे वडील कोणत्या तिथीला, कोणाची आई कोणत्या, हे त्यांना तोंडपाठ.

आता सोवळं, त्यांच्या भाषेत मडी. भरलेलं पातेलं घरातून निघून त्या घरच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत अक्कांशिवाय कोणाचा हात लागता कामा नये. चाकं चालतात, डिझेल चालतं, पूनमल्ली रोडची धूळसुद्धा चालते. हात चालत नाही. गोपाळराव स्नान करून सोवळं नेसले असते तर त्यांचा चालला असता, पण त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. गाडी चालवायला डॉक्टरची परवानगी, वजन उचलायला नाही. त्यामुळे पातेली चढवायची अक्कांनी, उतरवायचीही अक्कांनीच.

तोवर त्या भाड्याच्या गाड्यांवर होत्या. चालक यायचे, पातेली बघायचे आणि रद्द करून निघून जायचे. दोनदा श्राद्धाला उशीर झाला. त्यांचा मुलगा प्रसन्न वेलचेरीला आयटीत. त्याचं म्हणणं, की आईने हे बंद करावं आणि दोघांनी त्याच्या फ्लॅटवर येऊन राहावं. शेवटी तह झाला. एक जुनी गाडी घ्यायची. तिच्याने जमलं तर स्वयंपाक चालू राहील, नाही जमलं तर आवडीचं घर बंद. प्रसन्नच्या फ्लॅटवर विजेची शेगडी आहे आणि तो सांगतो तसं छान जिम आहे. अक्कांनी या तहाला मान हलवली, पण त्यांना काय गमवायचं होतं हे मला पहिल्या दिवशीच दिसत होतं. वीस घरांतले मेलेले लोक त्यांच्या हातचं जेवत होते. तिकडे गेल्यावर त्या मुलाला डबा भरून देणार होत्या.

पहिल्या भेटीला मी टेप घेऊन गेलो. भाताचं पातेलं, रसमाचं पातेलं, वड्यांचा डबा, पायसाचा. मी मापायला वाकलो तसं अक्का म्हणाल्या, "तुम्ही नको, जाधवराव. तें मडीचं अहे." टेप त्यांनी स्वतः धरली आणि आकडे सांगितले. मी चार हात लांब उभा राहून लिहून घेतले.

मला राग आला. तो आला होता हे इथे लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. माझं वय एकसष्ट, आयुष्यभर यंत्रांना हात घालून पोट भरलेलं, आणि रिकाम्या पातेल्याला माझा हात चालत नाही. मी सोवळंओवळं मानत नाही, घरातही कधी पाळलं नाही. तरी तोंडावर हसलो आणि मनात म्हटलं, बरं बाई, तुझी पातेली, तुझी मापं. मला लांबी, रुंदी, उंची मिळाली, माझं काम झालं. ती उचलायची कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. ज्या गोष्टीला हातच लावायचा नाही, तिचं वजन किती हे माणूस विचारत नाही.

मी त्यांना दोन गाड्या दाखवल्या. एक मैलापूरला, निवृत्त प्राध्यापकांची. तेरा वर्षांची डिझेल इस्टेट, म्हणजे साध्या मोटारीलाच मागे खोली काढलेली असते तशी लांब आणि बुटकी. असल्या गाड्या आपल्या लोकांना कधी आवडल्या नाहीत. बाजारात त्यांना 'निघत नाही' म्हणतात. शिवाय दोन वर्षांनी तिची एफसी करावी लागणार, म्हणजे आरटीओत नेऊन ती अजून जिवंत असल्याचा दाखला घ्यावा लागणार. दुसरी एसयूव्ही, चार वर्षांची, एकच मालक, पाणी न लागलेली. खरं सांगायचं तर इस्टेट मी दाखवली ती एसयूव्ही शोभून दिसावी म्हणून. मुलगी दाखवायला नेताना तिच्याहून सावळी मैत्रीण बरोबर न्यावी, असला हा दलालांचा डाव आहे, आणि त्यांना नावं ठेवत ठेवत मीही तो शिकलो होतो. इस्टेटचं बॉनेटसुद्धा मी उघडलं नाही.

एसयूव्हीला मात्र दोन तास दिले. जाळी साफ, रिंगा ठणठणीत, बेल्ट कोरा. अक्कांनी मला मालकाला विचारायला लावलं, की या डिक्कीतून कधी मांसमच्छी गेलीय का. कारखान्याच्या तपासणीच्या यादीत हा मुद्दा नव्हता. मालकाने मुलांची शपथ घेतली, की अंडंसुद्धा गेलेलं नाही. चामड्याच्या सीटांवर अक्कांनी जाड चादर घालायचं ठरवलं. प्रसन्न खूश होता, कारण एसयूव्ही त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये शोभली असती. मापांप्रमाणे चारही भांडी बसून वर वीतभर जागा उरत होती.

अक्का मागे जाऊन उभ्या राहिल्या. मागचं दार वर गेलं की डिक्कीचा जो काठ लागतो, त्याला मी उंबरा म्हणतो. त्यावर त्यांनी तळहात ठेवला. तो त्यांच्या कमरेच्या वर आला.

"उंच अहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. उंच आहे म्हणूनच घ्यायची. वेलचेरीत पाणी भरलं तरी इंजिनात जाणार नाही, खड्ड्यात घासणार नाही, रस्ता लांबून दिसतो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात काढून घेतला. त्यांनी सांगितलेलं मला पुरतं कळलं होतं. मी फक्त ते ऐकायला तयार नव्हतो, कारण चार हात लांब उभं केलेल्या माणसाला आपलं शहाणपण सिद्ध करायची घाई असते. गाडी घेतली, चाकांखाली लिंबं ठेवली, दृष्टीचा भोपळा फुटला, आणि मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की असा व्यवहार शहरात दुसरा कोणी करून दाखवणार नाही.

चार महिन्यांनी गोपाळरावांचा फोन आला. म्हणाले, सार, गाडी विकून द्या. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मी जास्त घाबरलो. दुसऱ्या दिवशी सबर्बन गाडीने आवडीला गेलो.

अक्का खुर्चीवर होत्या. उजवा पाय पोटरीपर्यंत बांधलेला. काय झालं ते गोपाळरावांनी सांगितलं. पहिल्या दिवसापासून अक्कांना ते पातेलं जमिनीवरून एवढं वर जाईना. त्याचे कान छातीशी यायचे. मग त्या घरातला जेवायचा पाट बरोबर नेऊ लागल्या. पाट गाडीमागे ठेवायचा, त्यावर चढायचं, पातेलं आत सरकवायचं. पोचल्यावर पुन्हा पाट, पुन्हा तेच. चार महिने हे असं चाललं आणि दोघांनी कोणाला सांगितलं नाही. प्रसन्नला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी सगळं बंद केलं असतं. मला सांगितलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, असं गोपाळराव म्हणाले. अण्णा नगरच्या एका घरासमोर रस्ता ओला होता. पाट सरकला. उकळतं रसम अक्कांच्या पायावर आलं आणि पातेलं पडू नये म्हणून गोपाळरावांनी धावत जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं.

हात लागला. रसम अर्धं उरलं होतं आणि बघायला रस्त्यावर कोणीही नव्हतं. तरी अक्कांनी आत जाऊन यजमानांना सांगितलं, की रसम ओवळं झालंय. त्यांची शेगडी मागून घेतली आणि भाजलेल्या पायावर उभं राहून नवं रसम केलं. श्राद्ध तासभर उशिरा झालं. दोन आठवड्यांनी त्याच घरी वडिलांची तिथी होती, तिला दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं गेलं.

अक्काच म्हणाल्या, "गाडी बरी अहे, जाधवराव. मीच बुटकी."

त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बावीस वर्षं मी नव्या गाडीच्या रंगातला टाचणीएवढा डाग शोधला, आणि एक बाई उंबऱ्यावर हात ठेवून मला सरळ सांगत होती ते मला दिसलं नाही. मला माझी लाज वाटली. प्रसन्न तिथेच होता. त्याने शांतपणे सांगितलं, की रविवारी टेम्पो ठरवलाय, सामान वेलचेरीला जाईल. त्याचा काही दोष नव्हता. भाजलेली आई बघून माझ्या मुलानेही तेच केलं असतं. मी त्याच्याकडे रविवारपर्यंतचे दिवस मागून घेतले. इंग्रजीत मागितले, कारण मराठीत त्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं.

मैलापूरची इस्टेट अजून उभी होती. निघत नाही म्हणतात ते उगाच नाही. या खेपेला मी टेपआधी गुडघे टेकले. उंबरा जमिनीपासून अक्कांच्या मांडीच्या मध्यापर्यंत येईल एवढाच, आणि आतली जमीन त्याला लागून सपाट, मध्ये पायरी नाही. इंजिन थंड असताना एका फेरीत सुरू झालं. तेलाच्या झाकणातून उदबत्तीएवढा धूर, तेरा वर्षांच्या मानाने सज्जन. मग मी मागचा गालिचा पाहिला आणि थांबलो. पुढचे गालिचे तेरा वर्षांचे, मळलेले, आणि डिक्कीतला कोरा. धंद्यातला नियम असा, की जुन्या गाडीतली एकच गोष्ट नवी असेल तर तिथेच काहीतरी लपवलेलं असतं. मी स्टेपनीचा खड्डा उघडला. वाळू नाही, गंज नाही. बेल्टही स्वच्छ.

प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी त्यांची आई इस्पितळात वारली. तिला कुंभकोणमजवळच्या गावी न्यायचं होतं, आणि एवढ्या लांब यायला कोणी शववाहिनीवाला तयार होईना. मागची सीट पाडली, आईला या गाडीतून नेलं. ते आणि त्यांचा भाऊ पुढे बसले होते. परत आल्यावर गालिचा बदलला. त्यानंतर गाडी फारशी बाहेर काढली नाही, असं ते म्हणाले.

गाडीत दुसरी काही खोट नव्हती. मी फाटकाबाहेर येऊन प्रसन्नला फोन केला. तो म्हणाला, अंकल, अम्माला सांगू नका. सांगितलं तर ती या गाडीत भाताचं पातेलं ठेवणार नाही आणि रविवारी सगळं संपेल. बंद करा म्हणणारा मुलगा हे बोलत होता, तेव्हा मला कळलं, की टेम्पो ठरवणं त्यालाही जड गेलं होतं. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. अंड्याची चौकशी करणारी बाई प्रेताला काय म्हणेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. गालिचा काढला की गाडी बोलणार नव्हती, प्राध्यापकांना कोणी विचारणार नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर एका बाईची चूल चालू राहिली असती आणि माझी चूकही भरून निघाली असती. खोटं बोलायला इतकं चांगलं कारण मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

शनिवारी सगळे मैलापूरला आलो. मी अक्कांना पातेली आणायला सांगितलं होतं, पाण्याने काठोकाठ भरून, रसम असतं तेवढी. भाड्याची व्हॅन केली होती. तिच्यातून ती त्यांनी स्वतःच उतरवली, बांधलेल्या पायाने लंगडत. प्राध्यापक पायरीवर उभे होते. प्रसन्न माझ्याकडे बघत होता. अक्कांनी पदर खोचला आणि पातेल्याला हात घालायला वाकल्या, तेव्हा मी म्हणालो, "अक्का, आधी एक ऐका." या बाईने एकदा मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. आता मला माहीत असलेलं तिला न सांगता मी तिला पातेलं उचलू देणार नव्हतो. सगळं सांगितलं. आई, सीट पाडलेली, कुंभकोणम, गालिचा. प्रसन्नने कपाळाला हात लावला.

अक्कांनी पुढे होऊन उंबऱ्यावर तळहात ठेवला. मग म्हणाल्या, "मी रांधत्ये तें कोणासाठी, जाधवराव? गेलेल्यांसाठीच ना? त्यांतली एक यांतनं आपल्या गावी गेली, तिचं काय चुकलं? गाडी धुऊं. पाणी अहे की."

आणि प्राध्यापकांकडे वळून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, की आईची तिथी कोणती. प्राध्यापकांना चटकन सांगता येईना. बोटं मोजून त्यांनी मार्गळी महिन्यातली सांगितली आणि खाली बघत म्हणाले, की तीन वर्षांत एकदाही केलेली नाही, घरात रांधणारं कोणी नाही. अक्का म्हणाल्या, यंदा मी आणीन, याच गाडीतून. गाडी बघायला येऊन गिऱ्हाईक घेऊन जाणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. प्रसन्न बाजूला जाऊन रविवारच्या टेम्पोवाल्याला फोन लावायला लागला.

मग अक्का पातेल्यापाशी वाकल्या. पंधरा लिटर पाणी, बांधलेला पाय. माझा हात आपोआप पुढे गेला.

"तुम्ही नको," त्या न बघताच म्हणाल्या. "लांब राहा."

मी चार हात मागे सरलो. अनोळखी म्हातारीच्या प्रेताला त्या डिक्कीत जागा होती, माझ्या हाताला नव्हती. या खेपेला मला राग आला नाही असं लिहिलं तर छान दिसेल, पण थोडा आलाच. तो गिळून मी बघत उभा राहिलो. पातेलं गुडघ्याच्या वर आलं, उंबऱ्याला टेकलं, आणि अक्कांनी ते एका हाताने आत सरकवलं. थेंब सांडला नाही.